दुष्काळांत रिकामी झालेली दावण कोणत्या रक्ताच्या कालवडींनीं भरावी ?

छावण्या उठल्या, पाऊस पडला, वर्तमानपत्रांतून दुष्काळाच्या बातम्या नाहींशा झाल्या, म्हणजे लोकांचा असा समज होतो कीं, संकट टळलें. शेतकऱ्याच्या गोठ्यांत जाऊन पाहिलें तर निराळेंच दिसतें. चार दावीं होतीं, त्यांपैकीं दोन मोकळीं आहेत. उरलेली गाय हाडांचा सांपळा झालेली आहे. आणि जी कालवड पुढें तिची जागा घेणार होती, ती वैशाखांतल्या बाजारांत मिळेल त्या भावास गेलेली आहे. दुष्काळांत शेतकरी होतां होईतों दुभती गाय विकीत नाहीं, कारण तिच्या दुधावर घराचा मीठमसाला चालतो. बैल विकीत नाहीं, कारण मृग लागतांच नांगर धरावयाचा असतो. विकली जाते ती कालवड, जी आज कांहींच देत नाहीं आणि खाते मात्र रोज. दुष्काळ आजचें दूध नेतोच, पण तीन वर्षांनंतरचें दूधही तो आजच नेतो.

कमिटीच्या निधीपैकीं कांहीं भाग चारापाण्यावर खर्च न करितां गोठ्यांत नव्या कालवडी उभ्या करण्याकडे लावावा, असें ठरल्यापासून आमच्याकडे देणगीदार गृहस्थांच्या सूचना येऊं लागल्या आहेत. त्या परस्परविरुद्ध आहेत. एक पक्ष म्हणतो, काळीपांढरी होल्स्टीन गाय प्रत्येक घरीं बांधा, म्हणजे शेतकऱ्याचें दारिद्र्य एका वेतांत फिटेल. दुसरा पक्ष म्हणतो, परक्या जातीचा थेंबही नको. गीर किंवा खिलार द्यावयाची असेल तरच आमचा पैसा घ्या. दोन्ही पक्षांच्या हेतूविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु हा पैसा आमच्या हातीं विश्वस्त म्हणून आलेला आहे, आणि विश्वस्तानें नुसता जमाखर्च दाखवून भागत नाहीं. खर्च असाच कां केला, हेंही त्यास सांगतां आलें पाहिजे. म्हणून हें थोडें विवेचन.

प्रथम काळाचा हिशेब. गाय नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते. संकरित कालवड चांगली पोसली तर पंधरा ते अठरा महिन्यांत, वजन अडीचशे किलोच्या पुढें गेल्यावर, भरविण्याजोगी होते. पुढें पुन्हां नऊ महिने. म्हणजे आज गाईस रेत भरलें, तर त्यापासून झालेल्या लेकीचें दूध चरवींत पडावयास सुमारें तीन वर्षें लागतात. देशी कालवड उशिरा माजावर येते. तिला चार, कित्येकदां पांचही वर्षें लागतात. आतां महाराष्ट्रांतील अलीकडच्या अवर्षणांचा क्रम पाहा : २०१२, मग २०१४ व २०१५ अशीं लागोपाठ दोन वर्षें, मग २०१८, आणि २०२३ सालीं पुन्हां चाळीस तालुक्यांत सरकारनें दुष्काळ जाहीर केला. याचा अर्थ उघड आहे. आज ज्या कालवडीचें रक्त आपण निवडूं, तिचें पहिलें किंवा दुसरें वेत पुढच्या दुष्काळांतच येण्याचा पुष्कळ संभव आहे. चांगल्या वर्षीं ती किती दूध देईल, एवढेंच विचारून चालणार नाहीं. वाईट वर्षीं ती जगेल काय, आणि त्यानंतर पुन्हां गाभण राहील काय, हें आधीं विचारलें पाहिजे.

संकर कोठपर्यंत न्यावा याविषयीं लोकांत फार गैरसमज आहे. आमच्या व्यापारी वाचकांस हें आण्यांच्या भाषेंत लवकर पटेल. (आणे चलनांतून जाऊन पुष्कळ वर्षें झालीं, पण असल्या हिशेबास ते अजूनही सोईचे आहेत.) गावठी गाईस शुद्ध होल्स्टीन वळूचें रेत भरलें म्हणजे कालवड आठ आणे परकी व आठ आणे देशी निपजते. ही पहिली पिढी नेहमींच नजरेंत भरते. बापाकडून दूध येतें, आईकडून काटकपणा येतो, आणि याशिवाय दोन दूरच्या जातींचें रक्त प्रथमच एकत्र आल्यानें जो एक विशेष जोम उत्पन्न होतो तोही मिळतो. अशा कालवडीची वाढ लवकर होते, गर्भ लवकर राहतो, वासरूं सहज जगतें. हा जोम बापाच्याही जातीचा नव्हे व आईच्याही जातीचा नव्हे. तो दोघांच्या भिन्नपणाचा आहे. शेतकरी फसतो तो येथेंच. तो म्हणतो, आठ आण्यांत दहा लिटर, तर बारा आण्यांत पंधरा कां नकोत ? आणि तो त्या कालवडीस पुन्हां होल्स्टीनच भरवितो. नातीच्या अंगांत बारा आणे परकें रक्त येतें, परंतु आईच्या ठिकाणीं जो जोम सोळा आणे होता तो हिच्या ठिकाणीं आठ आणेच उरतो. आणखी एकदां तेंच केलें तर रक्त चौदा आणे आणि जोम चार आणे. आठ आण्यांच्या गाईस आठ आण्यांचाच वळू दाखविला, तरीही जोम निम्मा होतो. दुधाची शक्ति अंगांत वाढत जाते हें खरें. पण ती प्रकट व्हावयास जो हिरवा चारा, जो खुराक, जी सावली व जो डॉक्टर वेळेवर लागतो, त्यांपैकीं जिराईत गांवांत काय असतें? मग तीच गाय चैत्राच्या उन्हांत तोंड वासून धापा टाकीत उभी राहते, तिचा माज कळून येत नाहीं, आणि वर्षाचें भाकड खाणें शेतकऱ्याच्या माथीं बसतें.

यास उपाय म्हणजे पाळीपाळीचा संकर. आईस होल्स्टीन भरविली असेल तर लेकीस गीर, नातीस पुन्हां होल्स्टीन, असा दोन जातींचा फेरा धरला तर पिढ्यान् पिढ्या सुमारें दोन तृतीयांश जोम टिकतो. तीन जातींचा फेरा धरला तर सातांतील सहा भाग टिकतो. दुसरा मार्ग म्हणजे विशिष्ट प्रमाणावर थांबून तेथेंच निवड करीत राहणें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठांत तयार झालेली 'फुले त्रिवेणी' गाय ही या मार्गाची : आठ आणे होल्स्टीन, चार आणे जर्सी, चार आणे गीर. लष्कराच्या दुग्धशाळांतून जी 'फ्रीजवाल' जात सिद्ध करण्याचा उद्योग झाला तींत दहा आणे होल्स्टीन व सहा आणे साहिवाल असें प्रमाण होतें. आणि आमच्या काठेवाडांतून गेलेल्या गीर गुरांपासून ब्राझीलच्या लोकांनीं जी 'गिरोलांडो' जात बनविली व ज्या जातीस तेथील सरकारनें १९९६ मध्यें मान्यता दिली, तिचेंही प्रमाण तेंच : दहा आणे होल्स्टीन, सहा आणे गीर. उष्ण कटिबंधांतील निरनिराळ्या माणसांनीं निरनिराळ्या वाटांनीं जाऊन आठ व दहा आण्यांच्या आसपासच मुक्काम केला, ही गोष्ट आमच्या 'पंचवीस लिटर'वाल्या मित्रांनीं विचारांत घ्यावी.

दुसऱ्या पक्षाच्या मित्रांस आम्ही उरुळीकांचनची आठवण देतों. १९४६ सालीं गांधीजी तेथें आले, आणि त्यांच्या सांगण्यावरून तेथें राहिलेले मणिभाई देसाई हे गोसेवेच्या बाबतींत कोणाहून कमी निष्ठेचे नव्हते. त्यांनीं आरंभ गीर गाईंपासूनच केला. त्याच मणिभाईंनीं १९६७ मध्यें संस्था स्थापून पुढें परदेशी वळूंचें गोठविलेलें रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलें. गावठी गाय पोटापुरतें दूध देत नाहीं म्हणून ती उपाशी राहते, आणि उपाशी राहते म्हणून दूध देत नाहीं, हें चक्र कोठें तरी तोडल्यावांचून गाईचें रक्षण होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

मात्र संकर कोणत्या गाईवर करावयाचा, यांत आम्ही कडक भेद करितों. ज्या गाईस निश्चित जात नाहीं, जिला लोक नुसती 'गावठी' म्हणतात, तिच्यावर संकर करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु शुद्ध लक्षणांच्या खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी व गवळाऊ गाईंस कमिटीच्या पैशानें परकें रेत भरलें जाणार नाहीं. या जाती अमुक मुलखाच्या अमुक गरजेंतून शतकानुशतकें निवडल्या गेल्या आहेत. अकोले व इगतपुरीकडील डांगीची कातडी तेलकट असते. मुसळधार पावसांत व भाताच्या चिखलांत जेथें इतर जनावर खांद्यानें व खुरानें हार खातें तेथें ती उभी राहते. लातूर व बीदर बाजूची देवणी दूध आणि काम दोन्ही साधते. नांदेडकडील लाल कंधारी थोड्या चाऱ्यावर निभते. वर्धा व नागपूरकडील गवळाऊचा बैल हलका व चपळ. आणि माणदेशचा खिलार ! आटपाडी, सांगोला, म्हसवड या टापूंत पाऊस कमी, माळ उघडा, चालणें लांबचें. त्या माळानेंच हें जनावर घडविलें. खिलार गाय दूध बेताचें देते हें खरें, पण तिचें उत्पन्न चरवींत मोजावयाचें नसतें. तें तिच्या खोंडांत असतें. बैलगाडा शर्यतींस डिसेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें परवानगी दिली, मे २०२३ मध्यें घटनापीठानें त्या संबंधींचा कायदाही वैध ठरविला. तेव्हांपासून चांगल्या खिलार खोंडास काय मागणी आहे तें बाजारांत जाणारास सांगावयास नको. शर्यतींविषयीं कोणाचें मत कांहींही असो, खिलार गाईस जर्सी भरविणें म्हणजे मालकाच्या हातचें नाणें मोडून चिल्लर करणें होय.

एकदां मोडलेली जात पुन्हां बांधतां येत नाहीं. याचें उदाहरण आपल्या कृष्णाकांठींच आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत दक्षिण महाराष्ट्रांतील संस्थानिकांनीं चिकट काळ्या रानांत ओढणारा बलाढ्य बैल पाहिजे म्हणून गीर, ओंगोल, कांकरेज व म्हैसूर वळणाचीं स्थानिक गुरें यांच्या संकरांतून कृष्णाखोरी जात निर्माण केली. काम मोठ्या दूरदृष्टीचें होतें, आणि संकर म्हणजे भ्रष्टता असें मानणारांस तें चांगलें उत्तर आहे. पण राजाश्रय गेला, ट्रॅक्टर आले, निवड करणारा हात राहिला नाहीं, आणि आज त्या जातीचीं मोजकींच जनावरें उरलीं आहेत.

आतां गावठी गाईस वळू कोणता ? येथें गाईचें आकारमान पाहावें लागतें. दोनशे किलोच्या लहान गाईस होल्स्टीन भरविली तर वासरूं मोठें होऊन विण्याच्या वेळीं अडण्याचें भय असतें. दुष्काळांतून उठलेल्या अशक्त गाईस तें अधिकच. अशा ठिकाणीं जर्सी बरी. तिचें वासरूं लहान, तिच्या लेकीचें खाणें कमी, दुधास स्निग्धांश अधिक, व उन्हाचा त्रास होल्स्टीनहून कमी. विहिरीचें थोडें तरी पाणी असून दूधसंघाची गाडी गांवापर्यंत येते तेथें जर्सी. विहीर माघांतच आटते तेथें गीर, म्हणजे परदेशी रक्त मुळींच नाहीं पण दूध गावठीहून निश्चित अधिक. कालव्याच्या बागाइतांत पूर्वींच बारा आण्यांवर गेलेल्या होल्स्टीन संकरित गाई पुष्कळ आहेत. त्यांस आणखी शुद्ध होल्स्टीन न भरवितां आईच्या दुधाची खात्री असलेला आठ आण्यांचा संकरित वळू वापरावा, म्हणजे कालवड दहा आण्यांवर येते. गीर या नांवाखालीं शहरांत सध्यां जो दुधाचा चढा भाव चालतो त्याच्या आशेनें कोणी हात घालूं नये. लांब कान दिसले म्हणजे गीर, असा बाजार फार मांडला गेला आहे.

जातीइतकाच वैयक्तिक वळूही महत्त्वाचा. प्रत्येक वासराचें अर्धें रक्त त्याचें असतें, आणि एका वळूचें रेत हजारों गाईंस जातें. ज्याच्या लेकींचें दूध मोजलेलें आहे अशाच वळूचें रेत घ्यावें, व ज्या वळूची ही कालवड त्याचेंच रेत तिला पुन्हां जाऊं नये. ही दुसरी चूक फार सर्रास होते, कारण बापाची नोंदच कोठें नसते. आतां गुरांच्या कानांत बारा आंकडी बिल्ला असतो. त्या आंकड्यापुढें रेताच्या कांडीचा क्रमांक लिहून ठेवणें एवढें थोडें काम आहे. जमिनीच्या व्यवहारांत आपण तीन पिढ्यांचा उतारा मागतों. गाईच्या व्यवहारांत बापाचें नांवही विचारीत नाहीं.

नर वासरांचा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. १९७६ च्या कायद्यानें गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रांत बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा येथें अप्रस्तुत आहे. परिणाम मात्र गोठ्यांत दिसतो. खिलारचा गोऱ्हा विकला जातो. संकरित गोऱ्ह्यास वशिंड नाहीं, उन्हांत तो कामास टिकत नाहीं, म्हणून त्यास गिऱ्हाईक नाहीं. तो दूध पितो, मग उपाशी राहतो, मग मोकाट सुटतो. म्हणून संकर करावयाचा तेथें शक्य तों लिंगनिश्चित रेत वापरावें, ज्यापासून दहांपैकीं सुमारें नऊ कालवडीच होतात. तें महाग असतें व त्यानें गर्भ राहण्याचें प्रमाण कांहींसें कमी असतें, म्हणून तें धष्टपुष्ट कालवडींवरच वापरणें योग्य. खंगलेल्या गाईवर तो पैसा वाया जातो.

चारा व पाणी यांचा हिशेब तर देणगीदारांनीं स्वतः करून पाहावा. जनावर आपल्या वजनाच्या शेंकडा अडीच ते तीन इतका कोरडा चारा रोज खातें. चारशे किलोची संकरित गाय दहा ते बारा किलो खाईल, दोनशे किलोची गावठी पांच ते सहा. चारा मुबलक असतां पहिली प्रत्येक पेंढीचें दूध दुसरीहून पुष्कळ अधिक करून देते, यांत वाद नाहीं. म्हणूनच आम्ही संकराच्या विरुद्ध नाहीं. पण चारा संपला, दूध आटलें, तरी तिचें शरीर चारशे किलोचेंच राहतें व तेवढ्यापुरतें मागतच राहतें. पाण्याचें तसेंच. दुभती संकरित गाय उन्हाळ्यांत दिवसास ऐंशी ते शंभर लिटर पाणी पिते. टंचाईच्या काळीं टँकरनें माणशी वीस लिटर पाणी देण्याचा सरकारी दंडक आहे. म्हणजे ही एक गाय चारपांच माणसांचा वांटा पिऊन उभी राहते. ज्या घरीं दोन संकरित गाई आहेत त्यांस तिसरी न देतां एक गीर किंवा गावठी-जर्सी द्यावी, असें आम्ही ठरविलें तें याच कारणानें.

परप्रांतांतून तयार गाई गाड्या भरून आणाव्या, म्हणजे फोटो चांगले येतील, असेंही सुचविण्यांत आलें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. पंजाबच्या थंडींत वाढलेली गाय वैशाखांत माणदेशीं उतरविली तर प्रथम तिला ऊन लागतें, मग गोचीड. गोचिडांपासून येणाऱ्या थायलेरियाच्या तापानें परदेशी रक्ताचीं जनावरें पटापट मरतात. देशी जनावर तोच ताप बहुधा अंगावर काढतें. सांसर्गिक गर्भपाताचा रोग तर न दिसतां गोठ्यांत शिरतो, व माणसासही होतो. २०२२ मध्यें लंपी चर्मरोगानें काय केलें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. म्हणून कालवडी होतां होईतों पन्नास मैलांच्या आंतील, रक्त तपासलेल्या, चार ते आठ महिन्यांच्या वयांत गर्भपाताची लस टोंचलेल्या अशाच घ्यावयाच्या. त्याहून चांगलें म्हणजे शेतकऱ्याची वांचलेली गायच पुन्हां उभी करणें. उपाशी गाय माजावर येत नाहीं. तिला दोनतीन महिने पेंड, क्षारमिश्रण व पोटभर चारा द्यावा, मग रेत. हा खर्च नव्या गाईच्या किंमतीच्या मानानें अल्प आहे, आणि त्यापासून होणारी कालवड त्याच गोठ्याच्या पाण्यावर व त्याच गोचिडांत वाढलेली असते.

यावरून आमची मागणी कशा प्रकारची आहे हें ध्यानांत येईल. गाय विकत घेण्यास एकरकमी देणगी देणारे पुष्कळ भेटतात. एक कालवड दूध तुटल्यापासून पहिल्या वेतापर्यंत पोसण्याचें पत्करणारे थोडे. आम्हांस दुसऱ्या प्रकारच्या गृहस्थांची अधिक गरज आहे. रक्कम सहा सहा महिन्यांच्या हप्त्यांनीं घेतली जाईल, व प्रत्येक हप्त्याच्या वेळीं कालवडीचा बिल्ला, वजन, बापाचा क्रमांक व टोंचलेल्या लसी देणगीदारास लिहून कळविल्या जातील. कालवड मिळणाऱ्या शेतकऱ्याकडून पहिल्या वेतापूर्वीं ती न विकण्याचा साधा करार घेतला जाईल. दुष्काळ पडला तर चारा कमिटीनें द्यावयाचा, हीही अट त्याच करारांत आहे, नाहींतर पहिली अट अन्यायाची ठरेल. पेंडेच्या व्यापाऱ्यांनीं रोख रकमेऐवजीं सरकी पेंड दिली तरी चालेल. ती त्या दिवसाच्या बाजारभावानें जमा धरूं. कालव्याखालील बागाइतदारांकडे आमची मागणी पैशाची नाहीं. त्यांनीं अर्धा एकर पाण्याची जमीन दोन वर्षांपुरती चाऱ्यास द्यावी : कांहीं भागांत हत्तीगवत, कांहीं भागांत लसूणघास. खंड पाहिजे असल्यास लेखी ठरवूं. कालवडी पाहून घेण्याचें काम कार्तिकी वारीच्या गुरांच्या बाजारापूर्वीं सुरू व्हावयाचें आहे, आणि लसूणघासाची पेरणीही त्याच सुमारास येते. तेव्हां ज्यांस जमीन द्यावयाची असेल त्यांनीं दसऱ्यापूर्वीं कमिटीस कळवावें.